प्रवासातून काय आणलेत?

प्रवासाहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘काय काय पाहिलंत?’ हा पहिला, आणि ‘आमच्यासाठी काय आणलंत?’ हा दुसरा. पहिला केवळ शिष्टाचाराचा. त्याचे उत्तर पुरते ऐकायला कोणी थांबत नाही. दुसरा मात्र मनापासून विचारलेला असतो. कोणतेही प्रवासवर्णन हाती घेतले की मी लेखकाला हा दुसराच प्रश्न विचारतो, आणि बहुतेक लेखक पहिल्याचेच उत्तर देत बसलेले आढळतात.

या जातीची पुस्तके मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांतला सूर्योदय ‘अवर्णनीय’ असतो आणि तरीही त्याचे वर्णन दीड पान चालते. विमान उडताना लेखकाचा कंठ दाटून येतो, उतरताना त्याला घरच्या आमटीची आठवण होते. शेवटच्या प्रकरणात ‘माणूस इथून तिथून सारखाच’ हा बोध ठेवलेला असतो. बोध खोटा नाही. पण तो घरच्या ओटीवर बसूनही झाला असता. त्यासाठी एवढी तिकिटे कशाला काढायची?

हे लिहिताना मी स्वतःला वगळीत नाही. काही वर्षांपूर्वी मी झाशीला गेलो होतो. पिशवीत विष्णुभट गोडसे यांचे ‘माझा प्रवास’ होते. या पुस्तकाविषयी माझे मत तरुणपणीच ठरून गेले होते: इतिहासाचे साधन म्हणून मोलाचे, पण प्रवासवर्णन म्हणून कच्चे. निसर्ग नाही, चिंतन नाही. जेवणे, दक्षिणा आणि मुक्काम यांचेच हिशेब फार. असे मत एकदा दिले की ते तपासून पाहायचा आपल्याला कंटाळा येतो.

किल्ल्यावर वाटाड्याने राणीने घोड्यासह उडी घेतल्याची जागा दाखविली. सगळ्यांनी खाली वाकून पाहिले, मीही पाहिले. ऊर भरून आला. परत येऊन मी त्या उडीवर दोन पाने लिहिली आणि ती एका अंकात छापूनही आली. किल्ल्याखाली शहर पसरले होते. त्या गल्ल्यांतून चालावे असे मात्र मला सुचले नाही. गाडीची वेळ झाली होती.

पुढे घरी गोडसे पुन्हा उघडले, तेव्हा माझी चूक ध्यानात आली. त्यांची झाशी किल्ल्यापुरती नाही. ती त्या गल्ल्यांत आहे. पेणजवळच्या वरसईचा हा तिशीच्या आसपासचा भिक्षुक. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, एवढ्या आशेने तो १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाला, आणि वाटेतच बंडाच्या वणव्यात सापडला. १८५८च्या एप्रिलमध्ये इंग्रजी फौज झाशीत शिरली तेव्हा तो शहरात होता. लपून त्याने जीव वाचविला, आणि जे पाहिले ते सांगितले: सोन्यारुप्यानंतर तांब्यापितळेची भांडी गेली, मग कापड, मग धान्य. पोथ्यांचा संग्रह उद्ध्वस्त झाला, त्याचे दुःख हा दरिद्री भट आपल्या गेलेल्या पैशाच्या दुःखाइतकेच मनापासून सांगतो. स्वतःची भीती लपवीत नाही, दक्षिणेचा लोभही लपवीत नाही.

ज्या हिशेबांना मी कच्चेपण म्हणत होतो, तेच या पुस्तकाचे बळ आहे. ज्याने रोजचे जेवण मोजले, त्यालाच उपाशी शहर दिसते. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटल्याचा प्रसंग पाहा. हा पाणी काढून देऊ लागतो. ती त्याला ते काम करू देत नाही, स्वतः पाणी काढते आणि ओंजळीने पिते. माझ्या दोन पानांतली राणी उडी घेत होती. इथली राणी तहानलेली आहे. कोणती खरी वाटते, हे मी वाचकांना सांगायला नको.

पुस्तकात दोष नाहीत असे नाही. पाहिलेले आणि ऐकलेले यांची गोडसे पुष्कळदा सरमिसळ करतात. ब्राह्मणांना जेवू घालणारे हात त्यांना स्पष्ट दिसतात, त्या जेवणासाठी राबणारे तितके दिसत नाहीत. शिवाय हे लेखन घटनांनंतर सुमारे पंचवीस वर्षांनी झालेले. चिंतामणराव वैद्यांनी ते लेखकाच्या मृत्यूनंतर, १९०७ साली, पुष्कळ फेरफार करून छापले. दत्तो वामन पोतदारांनी मूळ लेखनाबरहुकूम काढलेली आवृत्ती १९६६ची. घरात एकच प्रत ठेवायची तर ती ठेवावी.

चांगल्या प्रवासवर्णनाला बंडच हवे, असा याचा अर्थ नव्हे. इरावती कर्वे यांचा ‘वाटचाल’ हा लेख पंढरीच्या वारीचा. वाट ओळखीची, माणसे आपलीच. पण एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणारी माणसे जेवायला जातीजातीने वेगळी बसतात, हे बाईंना तिथे बोचले. भक्तीचा आनंद त्या नाकारीत नाहीत आणि ही बोच झाकीतही नाहीत. पु. ल. देशपांडे यांचा ‘अपूर्वाई’तला प्रवास तर सुखाचा, १९६०च्या त्या पुस्तकात ते विलायत दाखवितात, पण हसतात ते तिथे बावरलेल्या मराठी माणसाला, म्हणजे स्वतःला आणि आपल्याला. तिघांच्या वाटा तीन. पण घरून नेलेली समजूत तिघांनीही जशीच्या तशी परत आणली नाही. मी मात्र झाशीला भरलेला ऊर घेऊन गेलो आणि तोच घेऊन परत आलो.

गोडसे दक्षिणेसाठी निघाले होते. मिळालेला पैसा वाटेत पुन्हा पुन्हा लुटला गेला. परतताना त्यांनी आईवडिलांसाठी गंगेची कावड आणली आणि त्या पाण्याने त्यांना स्नान घातले. दुसऱ्या प्रश्नाला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

या दिवाळीच्या सुटीत आपल्यापैकी पुष्कळजण कुठे ना कुठे जातील. मीही पुन्हा झाशीला जाणार आहे. मागच्या खेपेला मुलांनी ‘काय आणलंत?’ म्हणून विचारले, तेव्हा मी आग्र्याचा पेठा पुढे केला होता. तो संध्याकाळपर्यंत संपला. या खेपेस किल्ला नंतर; आधी खालच्या गल्ल्या.