मालक कोण, हे आधी ठरवा!

शिक्रापूरच्या चाकण चौकात सकाळी पहिल्या पाळीच्या वेळेला रांजणगाव, सणसवाडी आणि चाकणकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ लागते. चढणाऱ्यांपैकी अनेकांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर कारखान्याचे नव्हे, ठेकेदाराचे नाव असते. माझ्याकडे सल्ल्याला येणारा माणूस पहिल्याच वाक्यात "मी अमुक कंपनीत आहे" म्हणतो. कागद मागितले की पगाराच्या चिठ्ठीवर भलतेच नाव निघते. सारा झगडा या दोन नावांमधला आहे.

अनुचित कामगार प्रथा रोखणारा 1971 चा कायदा ही महाराष्ट्राची स्वतःची कमाई. 8 सप्टेंबर 1975 पासून तो अमलात आला. वकील मंडळी त्याला 'एमआरटीयू-पल्प' म्हणतात. कामगाराने किंवा संघटनेने 90 दिवसांच्या आत थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार करावी, सरकारदरबारी खेटे घालू नयेत, ही कलम 28 ची सोय. चौथ्या अनुसूचीतील सहावी बाब तर नेमकी आहे: कायम कामगाराचे हक्क नाकारण्याच्या हेतूने माणसांना वर्षानुवर्षे बदली, हंगामी वा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा होय.

या दाराला कडी लागली 2001 साली. पुण्याच्या कल्याणी स्टील्समधील उपाहारगृहाच्या कामगारांसाठी विविध कामगार सभेने केलेली तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. निकाल असा: कंपनी या माणसांना आपले कामगार मानतच नसेल, तर आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली ते नाते सिद्ध करून घ्या, मग अनुचित प्रथेची तक्रार आणा. त्याच वर्षी सिप्लाच्या प्रकरणातही हीच भूमिका घेतली गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात घटनापीठाने 1996 चा एअर इंडियाचा निकाल फिरवला. कंत्राटी पद्धतीवर बंदी आली म्हणून कामगार आपोआप मूळ मालकाचा होत नाही. कंत्राट निव्वळ बनावट असेल तरच, तेही औद्योगिक न्यायाधिकरणापुढे शाबीत करून.

न्यायालयाच्या बाजूनेही म्हणण्यासारखे आहे. तक्रारीची प्रक्रिया झटपट निकालासाठी आहे, आणि कंत्राट खरे की बनावट हे ठरवायला सविस्तर पुरावा लागतो. हे मला पटते. पटत नाही ते पुढचे. या तर्काने न्यायालयाचा अधिकार प्रतिवादीच्या एका वाक्यावर टांगला जातो. "हे आमचे कामगार नाहीत" एवढे लेखी उत्तर आले की तक्रार जागच्या जागी थांबते. भाडेकरूने "हा माझा घरमालकच नाही" म्हटले म्हणून भाड्याचा दावा ऐकणारे न्यायालय हात वर करत नाही. पुरावा घेऊन ते नाते ठरवते. आणि सहाव्या बाबीत शिक्षा आहे ती हक्क नाकारण्याच्या हेतूला. मधे ठेकेदार उभा करणे हाच तो हेतू असेल, तर त्याचाच बचाव म्हणून उपयोग होतो.

दुसरा रस्ता लांबचा. कायम करून घेण्याच्या मागणीला विवाद कायद्यात संघटनेचे पाठबळ हवे, मग समेट अधिकारी, मग सरकारने न्यायाधिकरणाकडे पाठवायचे. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने हा शेवटचा सरकारी टप्पा काढला, ही चांगली गोष्ट. पण त्याच दिवशी लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा संहिता एका हाताने देते आणि दुसऱ्याने काढते. आस्थापनेच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, असे कलम 57 म्हणते. पण साफसफाई, पहारा, उपाहारगृह, मालाची चढ-उतार हे एरवी मुख्य काम धरलेलेच नाही. म्हणजे कल्याणी स्टील्समधल्या माणसांचे काम आता व्याख्येतच बाहेर गेले! शिवाय 50 पेक्षा कमी कंत्राटी कामगार असतील तर या तरतुदी लागूच नाहीत. महाराष्ट्राने 20 ची मर्यादा आधीच 50 वर नेऊन ठेवली होती.

गेल्या पावसाळ्यात एक जण आला होता. आठ वर्षे, एकच मशीन, तीन ठेकेदार. "साहेब, मी मशीनवर तोच आहे, फक्त चिठ्ठी बदलते," म्हणाला. कामाचा हुकूम कोण देतो, रजा कोण मंजूर करतो, हजेरी कोणाच्या वहीत लागते, हे मी विचारून घेतले. बनावट कंत्राटाचा पुरावा यातूनच उभा राहतो. जुने गेटपास आहेत का, म्हटले. ठेकेदार बदलताना दर वेळी काढून घेतले होते. एक मात्र त्याच्या बायकोने रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवला होता, 2019 चा. त्यावर कारखान्याच्या सुपरवायझरची सही आहे.