रोजची कृती कुणासाठी लिहिली होती?

 

आजचं व्याख्यान समीक्षेचं आहे, पण आमच्या हातात कादंबरी नाही की कवितासंग्रह नाही. टाळेबंदीच्या काळात पहिली-दुसरीच्या लेकरांसाठी रोज मोबाईलवर ज्या कृती येत होत्या, त्या आम्ही वाचायला घेतल्या आहेत. 'घरातल्या गोल वस्तू शोधा', 'पाच प्रकारची पानं गोळा करा', 'चित्र बघा आणि गोष्ट सांगा' अशा थाटाच्या. कुणी म्हणेल, चार ओळींच्या सूचनेत वाचायचं काय? पण चार ओळी असल्या तरी त्या कुणीतरी कुणासाठी तरी लिहिलेल्या असतात. आमचा प्रश्न एवढाच आहे की त्या कुणासाठी लिहिल्या होत्या. कारण आमच्या मते तिथंच गोची झाली, आणि ती अजून सुटलेली नाही.

आधी घडलं ते थोडक्यात उजळून घेऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' म्हणत अभ्यासमाला सुरू केली. दीक्षा ॲपच्या लिंक रोज व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे आणि तिथून पालकांच्या गटावर जायच्या. जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ही मालिका पहिली ते आठवीसाठी होती. नोव्हेंबरमध्ये 'स्वाध्याय' आलं, म्हणजे दर आठवड्याला व्हॉट्सॲपवर प्रश्न. मग १ जुलै ते १४ ऑगस्ट २०२१ असा ४५ दिवसांचा सेतू अभ्यास झाला. दुसरी ते दहावीसाठी रोजची एक कृतिपत्रिका आणि मध्ये मध्ये तीन चाचण्या. शेवटी १ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागात पहिली ते चौथीचे वर्ग उघडायला परवानगी मिळाली.

आता हिशेब करा. जून २०२० मध्ये जे लेकरू पहिलीत दाखल झालं, त्याची पहिली पूर्ण गेली. दुसरीचेही निम्मे महिने गेले. वर्गात बसायची रीतसर पाळी आली ती दुसरीच्या डिसेंबरात. मुळाक्षरं, मात्रा, एक ते शंभर, या साऱ्याचं वय घरीच सरलं. म्हणून त्या चार ओळींना एवढं महत्त्व. दहावीच्या पोराकडे पुस्तक तरी होतं, ते त्याला वाचता येत होतं. पहिलीच्या लेकरासाठी ती कृती हीच शाळा होती.

या विषयावर बोलणी झाली नाहीत असं नाही. खूप झाली. पण सगळा रोख मोबाईलवर राहिला: किती घरांत आहे, रेंज येते का, रिचार्ज कुणी मारायचा. हे प्रश्न खरेच आहेत. पण २०२० च्या 'असर' सर्वेक्षणातले देशाच्या ग्रामीण भागाचे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. आणि सर्वेक्षणाच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्यास साहित्य मिळालेली मुलं होती साधारण एक तृतीयांश. म्हणजे फोन पोचलेल्या घरातही अभ्यास पोचलाच असं नाही. आणि जिथं पोचला, तिथं लेकरापर्यंत पोचला का? इथं मजकुराकडे बघावं लागतं.

पहिला प्रश्न: वाचायचं कुणी? आम्ही सेतूच्या कृतिपत्रिका पुन्हा काढून वाचल्या. बांधणी चांगली आहे, हे आधी सांगतो. रोजची कृती कोणत्या क्षमतेसाठी आहे ते ठरलेलं आहे, सोप्याकडून अवघडाकडे जाणं आहे. मोठ्या इयत्तांना त्याचा उपयोग झाला असणार. पण दुसरीची पत्रिका घ्या. ती पहिलीच्या क्षमतांची उजळणी आहे. उजळणी कशाची? जे लेकरू पहिलीत एक दिवसही वर्गात बसलं नाही, त्याची? सूचना छापील आहेत, प्रमाण मराठीत आहेत, 'निरीक्षण करा', 'वर्गीकरण करा', 'जोड्या लावा'. वाचायला शिकायचं ज्याला, त्यानंच आधी वाचायचं. अर्थात लिहिणाऱ्यालाही हे माहीत होतं. त्यानं गृहीत धरलं की घरात कुणीतरी मोठं माणूस वाचून दाखवेल.

मग दुसरा प्रश्न: ते मोठं माणूस कोण, आणि घरी असतं कधी? शासनानं हे लपवलं नव्हतं. २२ जुलै २०२० च्या निर्णयात पहिली-दुसरीसाठी रोज अर्ध्या अर्ध्या तासाची दोन सत्रं ठरवली, आणि त्यातली १५ मिनिटं पालकांशी संवादाला, १५ मिनिटं लेकरांच्या कृतीला दिली. म्हणजे कागदावरच पालक अर्धा शिक्षक झाला. लहान लेकरं फार वेळ पडद्यासमोर नकोत, हा विचार योग्यच होता. पण त्या अर्ध्या शिक्षकाला कुणी विचारलं का, की बाई, तुला वेळ आहे का?

धावड्यात बसून हा प्रश्न फार लांबचा वाटत नाही. बाहेरच्यांसाठी सांगतो, हे भोकरदन तालुक्याचं उत्तर टोक. पलीकडे बुलढाणा जिल्हा. हा सगळा पट्टा मिरचीचा, पिंपळगाव रेणुकाईचा मिरची बाजार लांबलांबच्या व्यापाऱ्यांना ठाऊक आहे. शिवाय कपाशी, मका, सोयाबीन. आता सेतूच्या तारखा आठवा: १ जुलै ते १४ ऑगस्ट. हे दिवस निंदणी-खुरपणीचे, आणि मिरची तोडायला लागण्याचे. माय सकाळी भाकरी बांधून वावरात जाते. तोडणीची मजुरी किलोवर मिळते, त्यामुळे एक तास बसून राहिलं तर तो तास पैशातून जातो. मोबाईल असतो बापाच्या खिशात, आणि बाप बाजारात किंवा औतामागं. कृती येते सकाळी दहाला. लेकराला ती दिसलीच तर दिसते रात्री आठला, बॅटरी संपत आलेली असताना, माय चुलीपुढं असताना.

यात दोष मायचा नाही आणि शिक्षकाचाही नाही. कित्येक गुरुजी आणि मॅडम त्या काळात घरोघर फिरल्या, ओट्यावर, मंदिराच्या पारावर चार-चार लेकरं बसवून शिकवत होत्या. दोष त्या मजकुरानं मनात धरलेल्या घराचा आहे. त्या घरात दिवसा एक मोकळं माणूस आहे, त्याला सराईत वाचता येतं, त्याच्या हातात स्वतःचा फोन आहे, आणि कागद-रंग-कात्री घरात आहेत. असं घर आहेच, पण ते वावरापासून बरंच लांब आहे. मग काय झालं? घरात थोरली बहीण असेल तर ती शिक्षक झाली. तिचा स्वतःचा सातवीचा अभ्यास बाजूला राहिला, आणि तो कुठल्याच नोंदीत आला नाही.

तिसरा प्रश्न आम्हाला सगळ्यात मोठा वाटतो. लेकरानं कृती केली, पुढं काय? त्याला उलट काही म्हणणारं कोण? लेकरू 'तीन' म्हणतं आणि लिहितं ६. मराठीत ३ आणि ६ एकमेकांचे आरशातले भाऊ आहेत, घ आणि ध, भ आणि म हेही दिसायला जवळचे. वर्गात बाई मागं उभी असते. ती हात धरते, म्हणते, 'पोट कुठल्या बाजूला? परत काढ.' संपलं, दोन सेकंदांचं काम. पण पहिलीचं शिकवणं म्हणजे अशी दोन सेकंदांची शेकडो कामं. व्हॉट्सॲपच्या गटावर काय जातं? पूर्ण झालेल्या पानाचा फोटो. अक्षर कुठून सुरू केलं, हात कसा वळला, कुठं अडला, हे फोटोत येत नाही. ते अक्षर लेकराचं की दादाचं, हेही येत नाही. खाली अंगठा येतो, 'छान'. स्वाध्यायमध्ये उत्तर बरोबर की चूक ते लगेच कळायचं, ती सोय चांगलीच होती. पण चूक का झाली, हे यंत्र सांगत नव्हतं. सहा वर्षांच्या लेकराला नेमकं तेवढंच हवं असतं.

याच काळात वेगळे प्रयत्नही झाले, त्यांच्याकडे याच तीन प्रश्नांतून बघू. 'टिलीमिली'ला वाचता येण्याची अट नव्हती. बालभारतीच्या पाठांवरच्या कृती घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन चालायच्या. पहिला प्रश्न तिनं चांगला सोडवला. पण टीव्हीची वेळ ठरलेली, आणि टीव्ही लेकराचं ऐकत नाही. पालघरच्या आदिवासी पाड्यांवर स्पीकर घेऊन फिरणारी 'बोलकी शाळा' निघाली. तिथंही वाचायची गरज नव्हती, आणि सगळ्या लेकरांनी एकदम ऐकायचं असल्यानं एकाचं अडलं तर दुसरा सांगायचा. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले. भिंतीला रिचार्ज लागत नाही आणि ती रात्रीही तिथंच असते. वेळेचा प्रश्न सुटला. मात्र भिंतीसमोर लेकराच्या शेजारी कुणीतरी उभं राहावं लागतंच.

आता आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. संकट अचानक आलं होतं, काहीच न करण्यापेक्षा काही केलं ते बरं, आता मागून दोष काढणं सोपं आहे. आम्हाला हे मान्य आहे. २०२० च्या एप्रिलमध्ये ज्यांनी रात्री जागून कृती तयार केल्या त्यांच्यावर बोट ठेवायला आम्ही आलेलो नाही. पण तो प्रकार साथीबरोबर संपला नाही, म्हणून बोलतो आहोत. 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत मातांचे गट झाले, त्यांच्या मोबाईलवर आयडिया कार्ड येऊ लागली. सुटीचा अभ्यास आता गटावर येतो. निपुण भारतनं २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचन-गणित यावं असं लक्ष्य ठेवलं, आणि घरच्या कृतीवर त्याचा बराच भार आहे. माता गटात एक गोष्ट नक्कीच बरी आहे: मायला निदान बोलावलं जातं, तिच्यापुढं कृती करून दाखवली जाते. पण गट जमतो कधी? वावराच्या वेळेत जमला, तर ज्या मायला त्याची जास्त गरज तीच त्यात नसणार.

म्हणून कृती लिहिणाऱ्यांकडे आम्ही तीन साध्या गोष्टी मागतो.

एक, कृती आवाजात पाठवा. एक मिनिटाचा, लेकराच्या ओळखीच्या बाईच्या आवाजातला निरोप, तिच्याच बोलीत. तो ऐकायला कुणाला वाचता यावं लागत नाही. साध्या फोनवर तो कॉल करूनही सांगता येतो.

दोन, कृती रात्रीच्या कामात बसेल अशी लिहा, आणि पाठवायच्या आधी गावातल्या चार बायांना ऐकवा. समजा, कुणी हौसेनं लिहिलं, 'मिरच्या घ्या, लाल एकीकडे, हिरव्या एकीकडे करा.' ऐकायला किती आपल्या मातीतलं! पण इथली कोणतीही माय लगेच म्हणेल, 'तोच हात लेकराच्या डोळ्याला लागला म्हंजे?' तेव्हा मक्याचे दाणे घ्या. मूठभर दाणे, आधी अंदाज सांग, मग मोज, मग दहा-दहाच्या ढिगाऱ्या कर. माय भाकरी थापता थापता 'किती झाले?' एवढं विचारू शकते. तेवढं तिच्याकडून मागणं योग्य आहे.

तीन, कृती कमी करा आणि उत्तर वाढवा. रोज एक कृती आणि अंगठा, यापेक्षा आठवड्यात दोन कृती आणि प्रत्येक लेकराशी पाच मिनिटांचं बोलणं जास्त उपयोगी. शिक्षकाचा वेळ लिंक पुढं ढकलण्यात आणि फोटो मोजून माहिती भरण्यात जाणार असेल, तर ही पाच मिनिटं कधीच निघणार नाहीत. ती वरूनच मोकळी करून द्यावी लागतील.

'असर'नं २०२२ मध्ये पुन्हा गावोगाव जाऊन मुलांचं वाचन तपासलं. तिसरीतली, दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं देशाच्या ग्रामीण भागात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, ती २०.५ टक्क्यांवर आली होती. २०२२ च्या शैक्षणिक वर्षात तिसरीला कोण होतं? तीच लेकरं, जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली. ती वरच्या वर्गांत सरकली. २०३० च्या मार्चमध्ये ती दहावीच्या परीक्षेला बसतील. तिथं प्रश्नपत्रिका छापील असेल, आणि वाचून दाखवायला कुणी नसेल.

तोवर वेळ आहे. धावड्याच्या शाळेत, आजूबाजूच्या गावांत ही लेकरं आज आहेत. ती ज्या वर्गात असतील तिथं त्यांना शेजारी बसवून वाचायला लावा, आणि अडलं तिथं थांबा. पुढची सुटी, पुढची साथ, पुढचा पूर येईल तेव्हा कृती पुन्हा मोबाईलवर येईल. ती लिहिणाऱ्यानं लिहिण्याआधी या पट्ट्यातलं एक घर डोळ्यासमोर आणावं, रात्री आठ वाजताचं.

 आता तुमचे प्रश्न घेऊ. आधी मागं बसलेल्या बायांना विचारू द्या.