संगणकीय खेळांचे डिजिटल वितरण : स्पर्धा आणि मंचनियंत्रण

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ ऑक्टोबर 2020 मध्ये स्टीमवर आला. पुण्यात घडलेल्या कलाकृतीलाही ग्राहक गाठण्यासाठी अमेरिकी कंपनीच्या दुकानाचा आधार घ्यावा लागतो, ही बाब विचारार्ह आहे.

व्हॉल्व्ह कंपनीने 2003 मध्ये सुरू केलेले स्टीम सर्वसाधारणपणे विक्रीतील 30 टक्के वाटा घेते. एपिक गेम्सने डिसेंबर 2018 मध्ये केवळ 12 टक्के वाट्यावर स्वतःचे दुकान उघडले. तरीही स्टीमचे वर्चस्व टिकून राहिले. याचे कारण दरात नसून ग्राहकाच्या संग्रहात आहे. घेतलेला खेळ खात्याशी बांधलेला असतो. तो दुसऱ्या दुकानात नेता येत नाही. ग्राहकाला मिळतो तो परवाना, मालकी नव्हे.

बारामती-इंदापूरच्या ऊसउत्पादकांना झोनबंदीचा अर्थ सांगावा लागत नाही. शेतकऱ्याला ठरलेल्या कारखान्यालाच ऊस घालावा लागे. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने दराइतकाच या बंधनालाही विरोध केला. स्टीमवर कायद्याची सक्ती नाही. परंतु ग्राहक जेथे अडकला, तेथेच निर्मात्याला माल न्यावा लागतो. याउलट, 2008 मध्ये सुरू झालेल्या गॉगने खेळाची कुलूपरहित प्रत ग्राहकाच्या हाती दिली. सबब, स्पर्धेचे मोजमाप केवळ दलालीच्या टक्केवारीवरून न करता बाहेर पडण्याच्या स्वातंत्र्यावरून करावयास हवे.