वार्षिक प्रदर्शन आणि अभिरुची : बॉम्बे आर्ट सोसायटीच्या निमित्ताने

एखादी जुनी कलासंस्था आपल्या सभासदांच्या कृती दरवर्षी एकत्र मांडते, तेव्हा समीक्षकापुढे एक अडचण उभी राहते. त्याने परीक्षण कशाचे करावयाचे? एकेका चित्राचे, की त्या सर्वांना एका भिंतीवर आणणाऱ्या प्रदर्शनाचे? मराठीतील कलाविषयक लेखनाने बहुधा पहिला मार्ग पत्करला आहे. अमुक चित्रकारास अमुक साली पदक मिळाले, एवढी नोंद झाली की संस्थेचे प्रयोजन संपले, असे त्यात गृहीत धरलेले असते. चित्रकाराच्या चरित्रात ते पदक गुणवत्तेचा पुरावा म्हणून अवतरते. ते कोणी दिले आणि कशाच्या तुलनेत दिले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. तो विचारल्याखेरीज महाराष्ट्रातील आधुनिक कलेचा इतिहास नीट लिहिता येणार नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. त्या दृष्टीने मुंबईच्या बॉम्बे आर्ट सोसायटीचे उदाहरण विचारात घेण्याजोगे आहे.

ही संस्था १८८८ साली स्थापन झाली. प्रारंभीच्या काळात तिच्यावर हौशी युरोपीय चित्रकारांचा पगडा होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून शिकून बाहेर पडणाऱ्या एतद्देशीय कलावंतांना ह्या प्रदर्शनात प्रवेश मिळाला, तो त्या अभिरुचीच्या कसोटीस उतरूनच. १८९५ साली महादेव विश्वनाथ धुरंधर ह्यांना संस्थेचे सुवर्णपदक मिळाले. पुढच्याच वर्षी गणपतराव म्हात्रे ह्यांचे ‘मंदिरपथगामिनी’ हे शिल्प गाजले. हातात पूजासाहित्य घेऊन देवळाकडे निघालेली ही तरुणी महाराष्ट्रीय आहे; तिचे नेसणे आणि तिच्या वागण्यातील संकोच इथला आहे. परंतु अंगास बिलगणाऱ्या वस्त्रातून देहाची घडण सूचित करण्याची रीत पाश्चात्य अभिजात शिल्पातून आलेली आहे. विषय आपला आणि शिस्त परकी, असा हा मेळ आहे. त्या काळच्या परीक्षकांना तो सहज मानवला, ह्यात नवल नाही.

ह्याच संस्थेने १९३७ साली अमृता शेरगिल ह्यांच्या ‘तीन मुली’ ह्या तैलचित्रास सुवर्णपदक दिले. दोन्ही कृतींत अधोमुख स्त्री आहे, आणि तेवढ्यावरच साम्य संपते. म्हात्र्यांच्या शिल्पात खाली झुकलेली नजर लज्जेचे भूषण होते. शेरगिलांच्या चित्रात ती मुलींच्या वाट्यास आलेल्या भवितव्याची खूण वाटते. तेथे देहाचे लाघव मांडलेले नाही. रंगांची सपाट, शांत क्षेत्रे एकमेकांस लागून बसली आहेत, आणि त्या तिघी एकत्र असूनही प्रत्येकजण एकटी आहे. ज्या व्यासपीठाने पहिल्या कृतीचा गौरव केला, त्यानेच एकेचाळीस वर्षांनी दुसरीचा करावा, ह्याची संगती कशी लावावयाची?

संस्थेची दृष्टी प्रगल्भ होत गेली, असे उत्तर देणे सोपे आहे. पण ते पुरेसे नाही. सभासदांच्या संस्थेला मुळात एक दृष्टी नसते. परीक्षकमंडळ बदलते, आणि त्याबरोबर कौलही बदलतो. शिवाय पदक हा नेहमीच सापेक्ष निर्णय असतो. त्या वर्षी, त्या दालनात आलेल्या कृतींमध्ये ही कृती सरस ठरली, एवढाच त्याचा अर्थ. आपले चरित्रकार ह्या सापेक्ष निर्णयाचे निरपेक्ष प्रशस्तिपत्र करतात, आणि गफलत होते ती इथे.

१९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपविषयीही असेच घडले आहे. ह्या मंडळींनी जुन्या संस्थांविरुद्ध बंड केले, ही कथा आता रूढ झाली आहे. ती खोटी नाही. परंतु अपुरी आहे. हुसेन ह्यांचे ‘सुनहरा संसार’ हे चित्र १९४७ साली सोसायटीच्याच वार्षिक प्रदर्शनात लागले होते. ग्रुपचे मुंबईतील १९४९ चे प्रदर्शनही सोसायटीच्याच दालनात भरले. बंडखोरांना भिंत पुरविली ती ह्या संस्थेनेच. त्यांचे खरे वेगळेपण त्यांच्या शैलीइतकेच एकत्र येण्याच्या पद्धतीत होते. वार्षिक प्रदर्शनात आपल्या चित्राचा शेजारी कोण, हे समिती ठरविते. ग्रुपमध्ये तो शेजारी चित्रकाराने स्वतः निवडलेला असतो. समविचारी चित्रांच्या सहवासात एकेका चित्राचा अर्थ अधिक ठसठशीत होतो. १९५२ साली जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाल्यावर एकल प्रदर्शनास हक्काची जागा मिळाली, आणि हा बदल कायमचा झाला. एकाच चित्रकाराची वीसपंचवीस चित्रे सलग पाहण्याची सवय प्रेक्षकास लागली. नवीन प्रतिभेचा शोध लावण्याचे जे काम वार्षिक प्रदर्शन करीत असे, त्याचा मोठा वाटा अशा प्रदर्शनांकडे गेला.

मग सभासदांच्या प्रदर्शनाचे मोल उरले कशात? एकल प्रदर्शन आपल्याला चित्रकार दाखविते. सभासदांचे प्रदर्शन एका शहराची चित्रकला दाखविते. व्यक्तिचित्रणाचे कसब किती हातांत टिकले, पारदर्शक जलरंगाची परंपरा कोठे क्षीण झाली, नव्या अमूर्त शैलीचे अनुकरण किती समजून व किती देखादेखी झाले, ह्याचा अदमास मध्यम दर्जाच्या शंभर चित्रांवरूनच घेता येतो. उत्कृष्ट कृती आपल्या काळाच्या सरासरीविषयी फारसे सांगत नाही. अशा प्रदर्शनातील पुष्कळसे काम सामान्य असते, हा आक्षेप खरा आहे. रसिकास तो निर्णायक वाटावा. संशोधकास मात्र ते सामान्य काम हीच सामग्री आहे.

हे मान्य केल्यास आपल्या प्रबंधांची दिशा थोडी बदलावी लागेल. आज बहुतेक प्रबंध एकेका चित्रकारावर लिहिले जातात, आणि ज्यांचे एकल प्रदर्शन कधी भरले नाही ते आपोआप वगळले जातात. त्यांत हौशी चित्रकार आहेत, शाळांतील चित्रकला-शिक्षक आहेत, आणि घरसंसार सांभाळून रंगविणाऱ्या स्त्रिया आहेत. प्रदर्शनाच्या सूचीत छापलेले एक नाव, एक शीर्षक आणि एक माध्यम एवढाच त्यांचा मागे राहिलेला पुरावा असण्याचा संभव आहे. सूची ही तिकिटाप्रमाणे टाकून देण्याची वस्तू समजली जाते. बॉम्बे आर्ट सोसायटी असो, १९१८ साली निघालेली आर्ट सोसायटी ऑफ इंडिया असो, किंवा जिल्ह्याच्या गावातील एखादे छोटे कलामंडळ असो, त्यांच्या सूची मिळवून, वर्षानुक्रमे लावून वाचणे हे विभागांनी हाती घेण्याजोगे काम आहे. पदकांची यादी आपल्यापाशी आहे. ज्यांच्याशी तुलना करून ती पदके दिली गेली, त्या चित्रांची यादी जोवर हाती येत नाही, तोवर अभिरुचीविषयीची आपली विधाने अर्ध्या पुराव्यावरच उभी राहतील.