पटावर नसलेला रुग्ण

मार्च १९६८ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकी नियतकालिकात डॉ. लॉरेन्स वीड यांचा एक लेख दोन भागांत प्रसिद्ध झाला. 'मेडिकल रेकॉर्ड्‌स दॅट गाइड अँड टीच' हे त्याचे शीर्षक. वाट दाखवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या वैद्यकीय नोंदी, असा त्याचा अर्थ. केसपेपरची जागा आज संगणक घेत आहे. अशा वेळी हा लेख पुन्हा तपासून पाहायला हवा.

वीड यांचे म्हणणे असे : शास्त्रज्ञ एक प्रश्न निवडून त्यावर काम करू शकतो, डॉक्टरपुढे मात्र एकाच रुग्णाचे अनेक प्रश्न एकदम उभे राहतात. म्हणून रुग्णाच्या समस्यांची क्रमांकवार यादी करावी आणि प्रत्येक नोंद त्या त्या क्रमांकाखाली लिहावी. रुग्णाची तक्रार, तपासणीत आढळलेल्या गोष्टी, त्यांवरून काढलेले अनुमान आणि पुढची योजना, असा नोंदीचा क्रम रूढ झाला. प्रयोगवही तपासणाऱ्या शिक्षकाला ही शिस्त ओळखीची वाटेल.

दीर्घकालीन आजारांत या शिस्तीचे मोल मोठे आहे. एखाद्या मधुमेही पुरुषाच्या रक्तातील क्रिएटिनिन तीन वर्षांत दर डेसिलिटरला ०.८, मग १.० आणि नंतर १.२ मिलिग्रॅम झाले, असे समजा. यातील प्रत्येक आकडा सुटा पाहिला तर साधारण मर्यादेतच वाटतो. तिन्ही एका ओळीत पाहिले की मूत्रपिंडाचे काम मंदावत असल्याची शंका येते. डॉक्टर बदलले, गाव बदलले तरी ही ओळ तुटू नये, हे काम संगणक उत्तम करू शकतो. वीड यांनीही पुढे व्हरमाँट विद्यापीठात अशी संगणकप्रणाली उभी केली.

पण पुढे अनेक ठिकाणी वीड यांचा साचा राहिला आणि विचार गळाला. अमेरिकेत २००९ च्या कायद्याने संगणकीय नोंदींना मोठे अनुदान मिळाले. त्या सर्वत्र पसरल्या, आणि मागच्या भेटीची टिपणे जशीच्या तशी पुढच्या भेटीत चिकटवण्याची सवयही बोकाळली. हा दोष वापरणाऱ्यांचा म्हणून सोडून देता येईल.

दुसरी उणीव मात्र मूळ विचारातलीच आहे. वीड यांची नोंद सुरू होते ती रुग्ण समोर येऊन बसल्यावर. जो आलाच नाही, त्याच्याविषयी ती गप्प आहे. शाळेत गैरहजर मुलगा कळतो, कारण त्याचे नाव पटावर असते. पट नसता आणि फक्त आलेल्यांचीच नावे लिहिली असती, तर हजेरी रोज शंभर टक्के भरली असती!

हा फरक उपचारांइतकाच संशोधनालाही लागू आहे. समजा, एका केंद्रात उच्च रक्तदाबाच्या १०० रुग्णांची नोंद झाली. ठरल्या मुदतीत ६० जण आले आणि त्यांपैकी ४५ जणांचा रक्तदाब आटोक्यात आढळला. आलेल्यांपुरते पाहिले तर यश ७५ टक्के. पटावर मोजले तर ४५ टक्के. उरलेले ४० जण योगायोगाने गळलेले नसतात. मजुरी बुडते म्हणून, एसटी चुकते म्हणून, किंवा बरे वाटते म्हणून ते येत नाहीत. त्यांना वगळून काढलेला निष्कर्ष, लाखो नोंदींवर आधारला तरी, एकाच बाजूला झुकलेला राहतो.

वीड लिहीत होते त्याच सुमारास दक्षिण वेल्समधील ग्लिनकॉरूग या खाणकामगारांच्या गावात डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी हीच दुसरी बाजू सांभाळली. ब्रिटनमध्ये निरोगी माणसाचे नावही आपल्या डॉक्टरच्या यादीत असते. हार्ट यांनी त्या यादीतील प्रौढांचा रक्तदाब स्वतःहून मोजायला घेतला, आणि तोही कागदी नोंदींच्या आधारे.

आपल्याकडे २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ही दृष्टी दिसते. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा हे त्यातले जिल्हे. एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांचे पुढच्या तिमाहीत काय झाले, हे येथे तीन गटांत मोजतात : रक्तदाब आटोक्यात असलेले, नसलेले आणि न आलेले. मोबाइलवरील नोंदप्रणालीतून मुदत उलटलेल्यांची यादीही निघते. त्यावरून कर्मचारी रुग्णांना फोन करू शकतात. मर्यादा एवढीच की ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही, तो याही पटाबाहेर राहतो.

वीड यांचा लेख नोंद कशी लिहावी हे आजही उत्तम शिकवतो. ती कोणाकोणाची लिहावी, हे हार्ट यांच्याकडून शिकावे लागते. वरचे शंभर रुग्णांचे गणित नववी-दहावीच्या वर्गात अवश्य घालून पाहा. छेद कोणता घ्यायचा, यावर मुले वाद घालतील. तो वाद आरोग्याच्या कोणत्याही टक्केवारीला उपयोगी पडेल.