पाठ, प्रक्षेप आणि बाप

पाठचिकित्सेसारख्या विषयावर कुणी चित्रपट काढील आणि तो उत्कंठेने पाहिला जाईल, असे मला कधी वाटले नव्हते. जोसेफ सीडर या इस्रायली दिग्दर्शकाने २०११ साली ते केले. चित्रपटाचे नाव ‘फुटनोट’. मूळ हिब्रू नावाचा शब्दशः अर्थ ‘समासातली टीप’. कान महोत्सवात त्याला पटकथेचे पारितोषिक मिळाले.

एलिएझर आणि उरिएल श्कोल्निक हे बापलेक जेरुसलेममध्ये तालमूदचे प्राध्यापक. बापाने जेरुसलेम तालमूदचे पाठभेद ताडून पाहण्यात तीस वर्षे घातली. निष्कर्ष छापण्याआधीच ग्रॉसमन या विद्वानाच्या हाती योगायोगाने एक हस्तलिखित लागले, त्याने ते प्रसिद्ध केले आणि बापाचे श्रम निरुपयोगी झाले. मिरवायला उरली ती गुरूच्या ग्रंथातली एक तळटीप. मुलगा मात्र लोकप्रिय लेखक. अशात बापाला ‘इस्रायल पुरस्कार’ मिळाल्याचा फोन येतो. प्रत्यक्षात तो मुलाला जाहीर झालेला असतो.

या चित्रपटाकडे मत्सराची गोष्ट म्हणून पाहता येते. मला ती पाठचिकित्सेचीच गोष्ट वाटते. दोन नावे सारखी, म्हणून झालेली चूक हा लिपिकाराचा प्रमाद. बापाची शोभा होऊ नये म्हणून मुलगा पुरस्कार सोडतो आणि ग्रॉसमनच्या अटीनुसार समितीचे मानपत्र स्वतः लिहितो, हा प्रक्षेप. आता तो ओळखायचा कुणी? ज्याने आयुष्यभर तेच केले, त्याने.

मानपत्रातला ‘दुर्ग’ या अर्थाचा एक शब्द एलिएझरला खटकतो. तो शब्द कोण वापरतो, कुठे वापरतो, हे तो पोथी तपासावी तसे तपासतो आणि मुलाच्या हस्ताक्षराइतकी स्पष्ट खूण त्याला सापडते. या शास्त्राने त्याला दिलेले बहुधा सर्वांत बिनचूक उत्तर हेच. आणि तेवढेच ते कुणाला सांगता येत नाही.

मराठी वाचकाला हे जग परके वाटू नये. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. तिचे प्रधान संपादक वि. सी. सुकथनकर १९४३ मध्येच गेले. त्या आवृत्तीचे कुठलेही पान उघडावे: वर संहिता, खाली बारीक टायपात पाठभेद. वाचणारे बहुतेक वरचेच वाचतात. विद्यापीठाबाहेर राहून चार पोथ्या चाळणाऱ्या माझ्यासारख्याला त्या खालच्या ओळींची भूक ठाऊक आहे. म्हणूनच एलिएझरचा तुसडेपणा मला हास्यास्पद वाटला नाही, भीती वाटली.

चित्रपटात उणिवा आहेत. पार्श्वसंगीत फार आरडाओरडा करते, आणि दोन्ही घरांतल्या बायका खरोखरच समासात राहतात. शेवट मात्र अचूक आहे. पुरस्कार-सोहळ्यात एलिएझर मंचावर जाण्याच्या बेतात असतानाच पडदा काळा होतो. तो खरे बोलला की नाही, हे सीडर सांगत नाही. अशुद्ध पाठ शुद्ध करण्यात हयात घालवलेला माणूस स्वतःच अशुद्ध पाठ होऊन उभा आहे. दुरुस्ती करावी, तर मुलाचा त्याग फुकट जातो. न करावी, तर आपली तीस वर्षे.