पी. साईनाथ यांचे विदर्भविषयक वृत्तलेखन : एक धोरणसमीक्षा

‘द हिंदू’चे ग्रामीण घडामोडी संपादक (२००४ ते २०१४) या नात्याने पी. साईनाथ यांनी यवतमाळसह विदर्भातील शेतकरी-आत्महत्यांवर केलेल्या लेखनाचे मोल केवळ करुणेत शोधणे अन्यायाचे ठरेल. कापसाचा भाव, पतपुरवठा व मृत्यू यांतील कार्यकारणभाव मांडताना त्यांनी शासकीय परिभाषाही तपासली. आत्महत्या मदतीस ‘पात्र’ की ‘अपात्र’, हे कागदपत्रे ठरवितात. सातबारा नावावर नसल्याने शेतात राबणारी स्त्री ‘शेतकरी’ म्हणून मोजलीच जात नाही, हे त्यांनी दाखविले. तथापि हे लेखन मुळात इंग्रजीत झाले. ज्यांच्याविषयी ते होते, त्यांना ते अनुवादावाचून दुर्गमच राहिले. म्हणूनच पात्रतेच्या निकषांची अशी चिकित्सा मराठी जिल्हावृत्तांत नित्य होणे अगत्याचे आहे.